मुंग्यांच्या घरचा मुका पाहुणा

“…आणि उद्या त्यांना माळावरून हाकललं, तरी तुम्ही अशाच तुरी निवडत बसणार?”

पुतळामायनं सुपातला एक खडा वेचला आणि मागं फेकला.

“खडे राहिले तर दात लोकांचे पडतात,” ती म्हणाली.

यशोधनला हसू आलं नाही. भर उन्हात तो माळ चढून आला होता. पंगत कधीच उठली होती, ओटा धुऊन वाळलाही होता. सहा महिन्यांत आज पहिल्यांदाच तो वाढायला आला नव्हता, आणि त्याबद्दल मायनं काही विचारलं नव्हतं. त्याचाही त्याला राग आला होता.

रुईच्या माळावर मायचा मठ आहे. मठ म्हणजे एक दगडी ओटा, वर पत्रे, मागं चूल. रोज दुपारी पंगत बसते. कण्या आणि आमटी. जो येईल तो जेवतो. नियम एकच, आणि तो जेवणाऱ्याला नाही, वाढणाऱ्याला आहे. वाढताना पत्रावळीकडं बघायचं, माणसाच्या तोंडाकडं बघायचं नाही. कोण आलं, कुठून आलं, कालचंच आहे की नवं, हे वाढणाऱ्याला कळता कामा नये.

मान खाली ठेवणं सोपं वाटतं. माय म्हणते, एकेकाला वर्ष लागतं.

यशोधन खालच्या भोपळवाडीतल्या मास्तरांचा मुलगा. अकराव्या वर्षी वसतिगृहात गेला, तिथून मोठ्या शहरात, तिथून समुद्रापलीकडं. शिकला काय, तर किडे. मुंग्या, आणि मुंग्यांच्या सोबतीनं राहणारे किडे. गेल्या दसऱ्याला सगळं सोडून परत आला, आपल्या माणसांसाठी काहीतरी करायचं म्हणून. गावानं हार घातला. दुसऱ्या दिवशी तो मठात आला, मायच्या पाया पडला आणि म्हणाला, मला शिष्य करून घ्या.

मायनं त्याच्या हातात आमटीचा डाव दिला. हो म्हणाली नाही, आणि नको असंही म्हणाली नाही.

माळाच्या उतारावर चार घरं आहेत. पाट्या-वरवंट्याला, जात्याला टाकी लावणारी, म्हणजे छिन्नीनं ठोकून खरबरीत करून देणारी माणसं. हिरामण, त्याची बायको सुंदराबाई, म्हातारी आई, तीन भाऊ, त्यांची पोरंबाळं. तीस वर्षांपूर्वी आली आणि राहिली. भोपळवाडीत असा एक पाटा नाही, ज्यावर हिरामणच्या छिन्नीचा घाव नाही. आता घरोघरी मिक्सर आले. ती माणसं मजुरीला जातात आणि दुपारी मठात जेवतात.

उद्या सकाळी ग्रामसभा होती. गावचे नसलेल्यांनी गायरान सोडावं, असा ठराव यायचा होता.

यशोधननं हे सगळं एका दमात सांगितलं. सरपंचाच्या मेव्हण्याला माळावर गोदाम बांधायचंय, हेही सांगितलं. मग बोलणं गावावर नेलं. हे गाव आतून सडलंय, म्हणाला. ज्यांनी टाकी लावलेल्या पाट्यांवर तीस वर्षं वाटण वाटलं, त्यांना उठवताना एकाच्याही घशात घास अडकत नाही. एकजण उभा राहून बोलत नाही. बोलायचं कुणी, तर बाहेरून शिकून आलेल्या मी.

मायचं बोट सुपात फिरत राहिलं.

“तुम्ही बोललात तर गाव ऐकेल,” तो म्हणाला. “दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाही. आणि तुम्ही गप्प आहात. हे कसलं अध्यात्म?”

“गाव काय म्हणतं त्यांना?”

“म्हणायचं काय. काल पारावर सगळ्यांसमोर सरपंच म्हणाला…”

तो थांबला.

“म्हण की.”

“रातकिडे म्हणाला. मुंग्यांच्या घरात घुसलेले रातकिडे. सगळे हसले.”

माय थांबली. तिनं सूप मांडीवरून खाली ठेवलं.

“या गावात मी पुष्कळ शिव्या ऐकल्या. आईवरच्या ऐकल्या, जातीवरच्या ऐकल्या. ही ऐकली नव्हती. ही आणली कुणी?”

…

यशोधननं कपाळावरचा घाम पुसला. मग दुसरीकडं बघत सांगितलं.

सव्वीस जानेवारीला त्यानं शाळेत व्याख्यान दिलं होतं. पडद्यावर चित्रं दाखवली होती. काळ्या मुंग्यांच्या घरात एक रातकिडा राहतो. ज्वारीच्या दाण्याहून लहान. पंख नाहीत, म्हणून आवाज नाही, जन्मभर मुका. तो मुंग्यांच्या अंगाला अंग घासतो, त्यांचा वास आपल्याला लावून घेतो. त्या वासावर मुंग्या त्याला घरातला समजतात आणि तोंडातला घास देतात. यशोधननं हे कौतुकानं सांगितलं होतं. सृष्टीत केवढी माया आहे, असं शेवटी म्हणालाही होता. पोरांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेत सरपंच होता. त्यानंही वाजवल्या.

“मी असं म्हणालोच नव्हतो,” यशोधन म्हणाला. “अर्थाचा अनर्थ केला त्यांनी. यांना काही सांगायची सोय नाही.”

“फुकट खातो, असं म्हणालास?”

“शास्त्रात तसा शब्द आहे. पण मी…”

“म्हणालास का?”

“म्हणालो.”

माय गुडघ्यावर हात देऊन उठली.

“चल. दाखव मला.”

मठाच्या मागं, ओढ्याच्या काठाला, एक चपटा दगड होता. यशोधननं तो दोन्ही हातांनी उचलून बाजूला केला. खाली काळ्या मुंग्यांची धांदल उडाली. पांढरी अंडी उचलून त्या भोकाभोकांत पळू लागल्या. माय वाकून बघत राहिली. तिला काही दिसेना. यशोधननं बोट दाखवलं, ते बघा, ते तपकिरी, गोल पाठीचं. तोवर ते नाहीसं झालं. मग आणखी एक दिसलं. ते एका मुंगीच्या पोटाखालून सरकलं, तिच्या पायांना अंग लावत, जणू मांजर पायांत घुटमळावं.

“ती चावत नाही त्याला.”

“वास, माय. सगळा वासाचा खेळ आहे.”

त्याच्या आवाजातला राग निघून गेला होता. तो तिच्याशेजारी उकिडवा बसला आणि सांगत सुटला. हा किडा वास घेऊन जन्मत नाही. रोज मिळवावा लागतो. रोज अंगाला अंग लागलं तर टिकतो. त्यानं खिशातून एक काचेची बाटली काढली. तोंडाला फडकं बांधलेलं. आत तळाशी एक रातकिडा निपचित बसला होता. याच घरातून नऊ दिवसांपूर्वी काढलाय, म्हणाला. एकटा ठेवला तर वास किती दिवसांत उडतो, ते बघायचं होतं.

“किती दिवसांत उडतो?”

“चार-पाच दिवसांत. याचा उडालाय.”

“मग सोड की त्याला घरी.”

“आता सोडता येत नाही. फाडतील त्याला.”

माय बाटलीकडं बघत होती.

“हे तुला कधी कळलं?”

“माहीतच होतं. बाकीच्यांनीही बघितलंय हे, माझ्याआधी.”

“काढताना माहीत होतं?”

…

“हो.”

खालून मोटारसायकलचा आवाज आला. ग्रामपंचायतीचा शिपाई रंगनाथ पाणी प्यायला थांबला होता. तो मठामागं आला, माठातलं पाणी तांब्यानं वरून घशात ओतलं, आणि दगडाशेजारी बसलेल्या दोघांना बघून हसला.

“काय साहेब, गावातले किडे कमी पडले का, मायलाही दाखवायला लागलात?”

मायनं त्याला विचारलं, कुठं निघालास. रंगनाथनं खांद्यावरची पिशवी थोपटली. हिरामणच्या वस्तीवर, म्हणाला. उद्या सभेत भांडण नको म्हणून सरपंचांनी आजच कागद करून दिलाय. आम्ही राजीखुशीनं माळ सोडतो, असा. अंगठे घ्यायचे. पण आधी दोन मळ्यांवर लसीकरणाच्या चिठ्ठ्या टाकायच्यात, दिवेलागणीला पोचेन वस्तीवर.

“ते अंगठे देतील?” मायनं विचारलं.

रंगनाथ ओशाळला, पण खरं बोलला.

“या साहेबांचा कागद म्हटलं की देतात, माय. मागं साहेबांनी फॉर्म भरले ना त्यांचे. तेव्हापासून हिरामण म्हणतो, साहेबांचा असेल तर वाचून पण दाखवू नका.”

“हा साहेबांचा आहे?”

“तसाच दिसतो की. तसल्याच रकान्यांचा.”

“रंगनाथ, तुझ्या आईच्या पाट्याला टाकी कुणी लावली रे?”

तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला.

“हिरामणनंच.”

“बरं. जा.”

मोटारसायकल निघून गेली.

यशोधन उभा राहिला होता. हा गुन्हा आहे, म्हणाला. फसवून अंगठे घेणं. मी तक्रार करतो, तहसीलला जातो, वर्तमानपत्रात देतो. सरपंचाला मी सोडणार नाही.

“कसले फॉर्म?” माय म्हणाली.

“दाखल्यांचे. जातीचे दाखले नाहीत त्यांच्या पोरांकडं. दाखल्याशिवाय शिष्यवृत्ती नाही, काही नाही. तीस वर्षांत कुणी केलं नाही ते मी केलं. एकतीस नावं. घरोघर बसून लिहून काढली.”

“आणि रकाने?”

“नाव, वय, काम, कधी आले…”

“आणि?”

“मूळ गाव.”

माय हळूहळू दगडावर बसली.

“हा रकाना कुणी घातला?”

“घालावाच लागतो. नाहीतर अर्ज पूर्ण होत नाही.”

“हिरामण काय म्हणाला होता लिहायला?”

यशोधन म्हणाला, “भोपळवाडी लिहा म्हणाला होता.”

“मतदार यादीत काय आहे?”

“भोपळवाडी.”

“मग?”

“ते खरं नव्हतं ना, माय. त्याची आई सांगत होती, पार तिकडं, भीमेच्या पलीकडचं कुठलंतरी गाव. मी म्हणालो, आपण खरं ते लिहू. खऱ्याला कशाला भ्यायचं?”

“ती यादी सरपंचाच्या हातात कशी गेली?”

“मीच लावली. पंचायतीच्या फळ्यावर. उद्या कुणी म्हणायला नको, यानं मागच्या दारानं काहीतरी केलं. सगळं उघड असावं…”

त्याचा आवाज शेवटी बारीक झाला.

माय इतका वेळ ओरडली नव्हती. आताही ओरडली नाही.

“तीस वर्षं,” ती म्हणाली. “तीस वर्षं या गावाला आठवत नव्हतं की ती माणसं बाहेरची आहेत. गाव चांगलं आहे म्हणून नव्हे. गाव हरामखोरच आहे, ते मला तू सांगू नकोस. विसरलं होतं. लग्नात बोलावत होतं, भांडणात शिव्या देत होतं, पाट्याला टाकी लावायला हाक मारत होतं, आणि विसरलं होतं. एवढंच होतं त्यांच्यापाशी, दुसरं काही नव्हतं. ते तू फळ्यावर टांगलंस.”

“मी त्यांच्या भल्यासाठी…”

“म्हणून तर तुला मारता येत नाही.”

…

यशोधनच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते रागाचं होतं. मग दाखले द्यायचेच नाहीत का, त्यानं विचारलं. त्यांच्या पोरांनी जन्मभर कण्या खायला इथं यायचं, गावाच्या विसरभोळेपणावर जगायचं, हेच तुम्हाला हवं का? कुणी जागं केलं तर तो गुन्हेगार? तुमची ती मान खाली घालायची रीत, म्हणाला, ती मला पहिल्या दिवसापासून पटलेली नाही. तोंडाकडं बघितल्याशिवाय माणसाचं दुःख कळणार कसं?

“चांगलं विचारलंस,” माय म्हणाली. “त्यांच्या वस्तीवर जातोस तेव्हा कुठं बसतोस?”

“म्हणजे?”

“बसतोस कुठं?”

“खुर्चीवर. ते देतात खुर्ची.”

“आणि ते?”

“खाली. मी सांगतो, नको म्हणून. ऐकत नाहीत.”

“त्या चार घरांत एक तरी खुर्ची पाहिलीस आतमध्ये?”

यशोधननं आठवून बघितलं.

“माझी आहे ती,” माय म्हणाली. “मठात एकच आहे. तू वस्तीकडं वळलास की सुंदरा पळत येते इथं, मागच्या वाटेनं, आणि डोक्यावर घेऊन जाते. सहा महिने चाललंय. तू एकतीस जणांच्या तोंडाकडं बघितलंस. खुर्ची कुणाची, ते नाही बघितलं.”

यशोधननं मागच्या वाटेकडं बघितलं.

उघड्या पडलेल्या घरावर मुंग्या अजून धावत होत्या. अंडी बहुतेक आत गेली होती. आता त्या नुसत्याच चवताळल्या होत्या, जो आडवा येईल त्याला चावायला.

यशोधन म्हणाला, मी दुसरी सोय करतो. तालुक्याजवळ घरकुलांची योजना आहे. वर्षभरात पक्की घरं मिळतील, नळ, संडास, सगळं. तोवर मी त्यांना काही कमी पडू देणार नाही. हा माळ गेला तर गेला.

“तिथं शेजारी कोण?”

“कोण म्हणजे… असतील कुणीतरी. आपण सांभाळू ना त्यांना.”

“या बाटलीतल्यासारखं.”

“तसं नाही.”

“याला खायला काय देतोस?”

“साखरेचं पाणी. अंड्याचा बलक. वेळेवर देतो.”

मायनं हात पुढं केला. त्यानं बाटली दिली. तिनं फडकं सोडलं, बाटली डाव्या तळहातावर उपडी केली. रातकिडा तळव्यावर पडला आणि तसाच राहिला. तिनं त्यावर उजव्या हाताचा पंजा खोलगट करून पालथा धरला. मग दोन्ही हात मिटलेले तसेच खाली नेले आणि मुंग्यांच्या घरावर ठेवले.

“माय, काय करताय…”

तिनं हात आणखी खाली दाबले.

मुंग्या मनगटापर्यंत चढल्या. बोटांच्या बेचक्यांत शिरल्या. तिचा चेहरा आवळला, ओठ आत गेले, पण हात हलला नाही. यशोधन म्हणाला, पुरे. म्हणाला, याचा काही उपयोग नाही, माय, शास्त्रात असं काही नाही, तुमच्या हाताला त्यांचा वास लागून तो याला लागायला… त्याला वाक्य पुरं करता आलं नाही. त्यानं तिचा दंड धरून ओढायला बघितलं. तिनं नुसतं त्याच्याकडं बघितलं. त्यानं हात सोडला.

किती वेळ गेला, सांगता येत नाही. ओढ्यापलीकडं कुणीतरी बैलाला हाकत होतं, तो आवाज जवळ आला आणि लांब गेला.

मग तिनं ओंजळ उघडली.

तळव्यावर मुंग्या होत्या. रातकिडा नव्हता. तो खाली सरकला होता, की फाडला गेला होता, ते त्या गर्दीत दिसत नव्हतं. यशोधन गुडघ्यांवर बसून शोधत राहिला. त्यानं काडीनं माती बाजूला केली. एक पाय तरी दिसेल, म्हणून बघितलं.

“जगला का?” तो म्हणाला.

“मला काय माहीत.”

“मग कशासाठी…”

“दगड ठेव आधी जागेवर. किती वेळ उघडं टाकणार आहेस त्यांचं घर?”

त्यानं दगड उचलला आणि होता तसा ठेवला. तसा तो बसेना. दोनदा सरकवावा लागला.

मायनं हात झटकले. मनगटापर्यंत लाल झाले होते, बोटं सुजायला लागली होती. माठाजवळ जाऊन तिनं हातांवर पाणी घेतलं. तो मागं मागं गेला. हळद लावू का, म्हणाला. ती नको म्हणाली.

मग ती बोलली, पण त्याच्याशी बोलल्यासारखी नाही, कामं सांगितल्यासारखी. उद्याच्या सभेला ती सगळ्यांच्या आधी जाऊन बसणार होती. ते तो आला नसता तरी ठरलेलंच होतं. तुरी तेवढ्यासाठीच आज निवडून ठेवायच्या होत्या, उद्या वेळ नव्हता. सरपंचाच्या आजीनं याच ओट्यावर दुष्काळात चार महिने काढले होते, ते ती सभेत सांगणार होती, आणि त्याच्या मेव्हण्याच्या तोंडावर सांगणार होती. गाव ऐकेल की नाही, ते तिला ठाऊक नव्हतं. नाही ऐकलं तर ती तिथंच बसणार होती. पण वस्तीनं आज अंगठे दिले, तर उद्या कुणी कितीही बोलून उपयोग नव्हता. सूर्य मावळायला दोन तास होते.

“मी जातो,” यशोधन म्हणाला. “आत्ता जातो. कागदाला हात लावू नका म्हणून सांगतो.”

“का लावू नका, ते विचारतील.”

“सांगेन, सरपंचाचा डाव आहे.”

“आणि सरपंचाला नावं कुठून मिळाली, ते विचारतील.”

…

“फळ्यावर यादी होती, हे त्यांना माहीत आहे,” तो म्हणाला. “पण त्यांना वाचता येत नाही. ती माझी होती, हे माहीत नाही. हिरामणला वाटतं, ती सरपंचानंच केली. परवा माझ्यासमोर त्यानं त्या यादीला शिव्या दिल्या. मी…”

“काय केलंस?”

“ऐकून घेतल्या. मान हलवली.”

मायनं डोळे मिटले.

“म्हणून आलास तू इथं,” ती म्हणाली. “मी सभेत बोलावं, ठराव मोडावा, आणि यादी कुणाची, ते कुणी कधी विचारू नये म्हणून.”

तो नाही म्हणाला नाही.

“आज एवढं टळू दे,” तो म्हणाला. “कारण मी नंतर सांगेन. शांतपणे. आत्ता सांगितलं तर त्यांचा माझ्यावरचा विश्वास उडेल. मग मी त्यांच्यासाठी काहीच करू शकणार नाही.”

“तुझ्यावर विश्वास आहे म्हणून तर ते कुठल्याही कागदावर अंगठा देतायत. तो उडवून ये. आज तेवढंच काम आहे तुला.”

वारा सुटला होता. ओट्यावरच्या सुपातली तुरीची टरफलं उडून अंगणात पसरली. यशोधननं चपला घातल्या. चार पावलं गेला आणि थांबला. उतारावरून हिरामणची वस्ती दिसत होती. सुंदराबाई दारात काहीतरी पाखडत होती. तिनं वर बघितलं, यशोधनला ओळखलं, आणि सूप टाकून घाईनं मठाच्या मागच्या वाटेला लागली. खुर्ची न्यायला.

“तिला नको म्हणून सांगा,” तो म्हणाला.

“मी सांगते तिला. तू उतर.”

तो उतरला नाही. वळून उभा राहिला. सकाळपासून घोळवलेली सगळी भाषणं त्याच्या तोंडातून गेली होती. आता तो पंचविशीतला मास्तरांचा मुलगा होता, आणि त्याला भीती वाटत होती.

“हिरामणचा छिन्नीचा हात आहे, माय,” तो म्हणाला. “यादी माझी होती म्हटलं, की तो काय करेल मला माहीत नाही. चौघं भाऊ आहेत. त्यांनी मला मारलं तर?”

माय सुजलेली बोटं पदरात गुंडाळत होती. तिनं त्याच्याकडं बघितलं.

“मग निदान त्यांचा हात तरी लागेल तुझ्या अंगाला.”